लाइन म्हणजे मुळात सूत

लाइन हा शब्द आपण इंग्रजीतून घेतलाय हे आता कुणाला आठवतही नाही. बँकेत लाइन, दवाखान्यात लाइन, गॅसची लाइन, पाण्याची लाइन फुटली, फोनची लाइन लागत नाही, दहावीनंतर मुलाला कुठल्या लाइनला घालायचं, भाचा कुठल्या लाइनमधे आहे, डभोईची लाइन ब्रॉडगेज झाली, बॉलरची लाइन बिघडलीये, आणि समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा कुणाला तरी लाइन मारतोय. बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरात ही सगळी वाक्यं रोज कानावर पडतात, मराठीतून पडतात, गुजरातीतून पडतात, आणि कुणालाही कधी अर्थ विचारावा लागत नाही.

मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मुलं मराठी घरातली, शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची, आणि सगळ्यांना अवघड शब्दांची भीती वाटते. मला मात्र अवघड शब्दांची काळजी कधीच वाटत नाही, ते डिक्शनरीत बघितले की संपलं, एक किंवा दोन अर्थ असतात. खरी मेहनत लागते ती लाइन, सेट, रन, टर्न असल्या रोजच्या शब्दांना, कारण ते आपल्याला येतात असं वाटत असतं. लाइन उघडून बघा डिक्शनरीत, अर्थांची यादी पानंच्या पानं चालते. एवढे अर्थ पाठ कुणी करू शकत नाही आणि करूही नयेत. एक मूळ अर्थ धरला की बाकीचे बरेचसे त्याच्यामागून येतात, निदान लाइनच्या बाबतीत तरी अगदी तसंच आहे म्हणून आज यावर सविस्तर लिहायचं ठरवलं.

तर मूळ अर्थ. लॅटिनमधे लिनुम म्हणजे जवस, तेच झाड, ज्याच्या बियांची आपण चटणी करतो आणि इकडे गुजरातीत ज्याला अळसी म्हणतात. आपल्याकडे जवस लावतात ते मुख्यतः बियांसाठी, तेलासाठी. युरोपात मात्र त्याच्या देठातून धागा काढायची फार जुनी पद्धत, त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. आणि त्या जवसाच्या धाग्याला, दोरीला लॅटिनमधे लिनिया म्हणायचे. त्या लिनियाची झाली लाइन. जुन्या इंग्रजीत लाइनचा अर्थ दोर, दोरखंड असाच होता, नंतर फ्रेंचमधून तोच शब्द दुसऱ्या वाटेने पुन्हा इंग्रजीत आला, रेघ, ओळ असे अर्थ घेऊन, आणि दोन्ही मिसळून गेले. त्यामुळे आजही मासे पकडायच्या दोरीला इंग्रजीत लाइन म्हणतात, कपडे वाळत घालायच्या दोरीला लाइन म्हणतात, जहाजावरच्या दोरालाही लाइन म्हणतात. हे अर्थ आपल्याकडे आलेच नाहीत, आपण कपडे लाइनवर वाळत घालत नाही, दोरीवरच घालतो. म्हणजे शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आपण घेतला नाही आणि नंतरचे सगळे घेतले, मला हे फार रंजक वाटतं.

जवसाचं कुटुंब मोठं आहे. लिनसीड म्हणजे जवसाचं बी. लिनोलियम, ती जमिनीवर अंथरायची शीट, तिच्या नावात लिनुम आणि ओलियम म्हणजे तेल असे दोन शब्द आहेत, कारण ती जवसाच्या तेलापासूनच बनवायचे. लाँजरी हा फ्रेंच शब्दसुद्धा लिननवरूनच. आणि शिंप्याकडची लाइनिंग, म्हणजे अस्तर, कारण जाड कपड्याला आतून लिननचं अस्तर लावायचे, त्या अस्तर लावण्यालाच टू लाइन म्हणायला लागले. आता यात एक गंमत होते ती पुढे सांगते. ऑइल पेंटिंगमधे रंग कालवतात तेही परंपरेने जवसाच्याच तेलात, त्यामुळे आपल्या म्युझियममधे राजा रविवर्म्याची चित्रं बघायला गेलं की मला या झाडाचीही आठवण होतेच. या झाडाचं शास्त्रीय नाव लिनुम उसितातिसिमुम, म्हणजे अत्यंत उपयोगी जवस. नाव ठेवणाऱ्याने अगदी योग्य ठेवलंय.

पण दोरीचा अर्थ रेघ कसा झाला? हे पुस्तकात वाचण्यापेक्षा बांधकाम चालू असेल तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. आमच्या गच्चीची कठड्याची भिंत पाडून नवीन बांधायची होती. कारागीर गोध्र्याकडचे, फार शांत माणूस. त्यांनी आल्या आल्या सिमेंट कालवलं नाही की विटा भिजवल्या नाहीत, आधी दोन टोकांना एकेक वीट पक्की बसवली, त्यांच्यात खिळे अडकवले, आणि खिळ्याला खिळा अशी एक बारीक नायलॉनची दोरी ताणून बांधली. बोटाने टिचकी मारून बघितली, सैल वाटली, पुन्हा सोडून ओढून बांधली. मी विचारलं हे रोजचंच काम आहे तर नजरेने नाही का होत, तर म्हणाले, "बेन, पहेलां लाइनदोरी, पछी ईंट." म्हणजे आधी लाइनदोरी, नंतर वीट. मग वीट वीट ठेवत गेले, प्रत्येक विटेची कड दोरीला लागते ना लागते एवढ्या अंतरावर. दोरीला वीट टेकू द्यायची नाही, टेकली की दोरी ढकलली जाते आणि पुढची सगळी भिंत वाकडी. दुपारी भिंत कमरेएवढी झाली, दोरी काढून गुंडाळून खिशात गेली, आणि भिंतीत जी सरळ कड राहिली ती त्या दोरीचीच.

लाइनदोरी! या शब्दात लाइन म्हणजेही दोरी आणि दोरी म्हणजेही दोरी. ज्याने कुणी हा जोडशब्द पहिल्यांदा वापरला त्याला लॅटिन माहीत असायचं काही कारण नाही, पण त्याने दोन्ही भाषांतला एकच अर्थ शेजारी शेजारी आणून ठेवला. इकडे गुजरातमधे तर लाइनदोरी हा सरकारी शब्दही आहे, म्युनिसिपालिटी रस्त्याची हद्द आखते, तिच्या पलीकडे बांधकाम करायचं नाही, त्या हद्दीला लाइनदोरी म्हणतात. रस्ता रुंद करायचा विषय निघाला की जुन्या शहरातल्या प्रत्येक पोळात, म्हणजे गल्लीत, हाच शब्द, तुमचं घर लाइनदोरीत येतं का, ओटा जातो की अर्धी खोली जाते. ज्यांच्या घरातून ती जाते त्यांच्यासाठी हा शब्द फार जड असतो.

आता आपल्या मराठीकडे या. आपल्याकडे सरळ माणसाला, किंवा सरळ झालेल्या माणसाला काय म्हणतात? सुतासारखा सरळ. चार दिवस बाहेर राहिला की येईल सुतासारखा सरळ होऊन. सूत म्हणजे धागा, आणि सुताराचं सूत म्हणजे लाकडावर रेघ उमटवायची दोरी. रंगात भिजवायची, दोन टोकांना धरायची, मधे उचलून सोडायची, फट् आवाज येतो आणि फळीवर एक रेघ उमटते, त्या रेघेवर करवत चालवायची. सुतार या शब्दातच सूत आहे, संस्कृतात सूत्रधार म्हणजे नाटकातला तर आहेच पण सुतारालाही सूत्रधार म्हणत. म्हणजे रोमकडे जवसाच्या दोरीवरून जे झालं तेच आपल्याकडे कापसाच्या सुतावरून झालं, कुणी कुणाचं बघून नाही, ताणलेल्या दोरीइतकी सरळ गोष्ट माणसाच्या हाताशी दुसरी नव्हतीच म्हणून.

आणि हे साम्य इथेच थांबत नाही हो. जुन्या इंग्रजी मापांत लाइन नावाचं एक माप होतं, इंचाचा बारावा भाग. आपल्याकडे सुतार आणि हार्डवेअरवाले आजही सूत हे माप वापरतात, इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच. सळई तीन सुती की चार सुती, फळीला दोन सूत रंधा मारा, ही भाषा प्लायवुडच्या कुठल्याही दुकानात ऐकायला मिळेल. माप वेगळं पण विचार एकच, अगदी बारीक अंतर मोजायचं तर धाग्याएवढ्याने मोजा. पुढे सूत्र म्हणजे गणिताचं सूत्र, सूत्रं म्हणजे बातमी देणारी सूत्रं, कारभाराची सूत्रं हातात घेणं. आणि सगळ्यात गोड म्हणजे सूत जुळणं. त्या दोघांचं सूत जुळलं असं आपली आजी म्हणायची, आताची मुलं लाइन देते, लाइन मारतो म्हणतात. शंभर वर्षांनी कुणी भाषा अभ्यासणारा या दोन वाक्प्रचारांपाशी नक्की थांबेल. (एक सांगून ठेवते, सूतोवाच या शब्दातलं सूत वेगळं, ते पुराणं सांगणारे सूत, 'सूत उवाच' वरून आलेलं. तिथे धाग्याचा काही संबंध नाही, बरेच जण जोडतात.)

उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत, जवळ आली की आमच्या बडोद्यात हा सगळा इतिहास रस्त्यावर मांडलेला असतो. डिसेंबर संपत आला की गेंडीगेटच्या बाजूला पतंगबाजार भरतो आणि फुटपाथच्या कडेने बांबू रोवून दोरी रंगवायची कामं सुरू होतात. एका बांबूपासून दुसऱ्यापर्यंत पांढरी सुती दोरी ताणलेली, एकाखाली एक, आणि हाताला कापडाच्या पट्ट्या बांधलेला माणूस काचेची पूड घातलेली गुलाबी लुगदी मुठीत धरून त्या दोरीवरून चालत जातो, दुसऱ्या टोकाला वळतो, परत येतो. पांढरी दोरी गुलाबी होत जाते. लांबून बघितलं तर वहीवर लाल पेनने रेघा ओढल्यासारखं दिसतं. त्या रेघा नसून दोऱ्या आहेत हे जवळ गेल्यावर कळतं. इंग्रजीत पतंगाच्या दोरीलाही काइट लाइन म्हणतात. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचला मी थेट तिथे घेऊन गेले होते आणि लाइनचा धडा तिथेच घेतला, त्या मुलांना तो शब्द आता कधीही विसरता येणार नाही.

एकदा ताणलेली दोरी डोळ्यासमोर आली की इंग्रजीतले बाकीचे अर्थ कसे फुटत गेले ते दिसायला लागतं. दोरीसारखी सरळ काढलेली ती रेघ. रेघेवर लिहिलेलं ते ओळ. ओळ म्हणजे मजकूर म्हणून नटाच्या लाइन्स म्हणजे त्याचे संवाद, आणि ड्रॉप मी अ लाइन म्हणजे चार ओळींचं पत्र टाक, इथे काही खाली पाडायचं नसतं. हिशेबाच्या कागदावरची शेवटची ओळ ती बॉटम लाइन, नफा की तोटा ते तिथे कळतं म्हणून बोलण्यातही बॉटम लाइन म्हणजे शेवटी मुद्दा काय ते. एकामागे एक माणसं उभी राहिली की लाइन. एकामागे एक पिढ्या आल्या की तीही लाइन, घराण्याची. बडोद्याच्या लोकांना हा अर्थ समजवायला मला कधी कष्ट पडत नाहीत, १८७५ मधे नाशिककडच्या कौळाण्यातला गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाला आणि गायकवाडांची गादी पुढे चालली, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी पोराला माहीत असते, ती लाइन ऑफ सक्सेशन. आपण वंशावळ म्हणतो, त्यातली आवळ म्हणजे आवली, दीपावलीतली तीच, म्हणजे पुन्हा ओळच.

मग येतात वाटा. जमिनीवर आखलेली सरळ वाट ती लाइन, म्हणून रेल्वेची लाइन. आणि या बाबतीत आपलं गाव फार मोठं आहे. भारतातली पहिली नॅरोगेज लाइन बडोदा संस्थानात पडली, १८६२ मधे, डभोई ते मियागाम, खंडेराव महाराजांच्या काळात, रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि सुरुवातीला त्या रुळांवरून डबे ओढायला बैल जुंपायचे कारण रूळ इंजिनाचं वजन पेलण्यासारखे नव्हते. नंतर जड रूळ टाकले आणि १८७३ पासून वाफेची इंजिनं धावायला लागली. आमच्याकडे जुने लोक अजून छोटी लाइन म्हणतात. बडोद्यातल्या प्रतापनगर स्टेशनला तिची जुनी इंजिनं आणि डबे जपून ठेवलेत, मुलांना घेऊन जा, तिकीट वगैरे फार नाही. आता प्रतापनगर-डभोई ब्रॉडगेज होऊन २०२१ पासून गाडी थेट केवडियाला जाते, पण बोलताना शब्द तोच, डभोई लाइन.

एअरलाइनची गोष्ट मुलांना सगळ्यात आवडते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत विमानं नव्हती पण एअर लाइन होत्या, आणि त्या चक्क रेल्वे कंपन्या होत्या. हवेतून पक्षी जाईल तसा सरळ मार्ग तो एअर लाइन, म्हणून आमची गाडी सर्वात सरळ जाते हे सांगायला कंपनीच्या नावात एअर लाइन घालायचे, सीबोर्ड एअर लाइन नावाची रेल्वे तर विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं चालत होती. विमानं आल्यावर शब्द त्यांच्याकडे गेला.

डेडलाइनची गोष्ट मात्र आवडण्यासारखी नाही. आपण ती किती हलक्याने म्हणतो, प्रोजेक्टची डेडलाइन, फॉर्मची डेडलाइन. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मधे, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा एक भयानक तुरुंग होता. तिथे बाहेरच्या कुंपणाच्या आत काही फुटांवर एक लाकडी आड घातलेली असायची, ती रेघ कैद्याने ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. ती डेड लाइन. त्या तुरुंगात हजारो माणसं मेली, उपासमारीने, रोगाने. मग छापखान्यात हा शब्द आला, यंत्रावर एक खूण असायची तिच्या बाहेरचा मजकूर छापला जायचा नाही, आणि तिथून वर्तमानपत्रांत वेळेच्या मर्यादेसाठी. ही गोष्ट सांगितली की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मी तरीही सांगतेच, कारण शब्द कुठून आलाय हे माहीत असावं माणसाला. आपल्या 'मुदत' या शब्दात असलं काही नाही, म्हणून मी शक्यतो मुदतच म्हणते.

हॉटलाइनबद्दल एक छोटीशी गोष्ट. सिनेमात दाखवतात तसा लाल फोन तिथे नव्हता. क्यूबाच्या प्रकरणात जग अणुयुद्धाच्या काठावर गेल्यावर वॉशिंग्टन आणि मॉस्कोमधे १९६३ साली जी थेट लाइन टाकली ती टेलिप्रिंटरची होती, मजकूर टाइप होऊन यायचा. घाईत बोललेल्या शब्दाचा भलताच अर्थ निघू नये म्हणून लिहूनच पाठवायचं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आता आपण काय काय केलं या शब्दाचं ते. हे इंग्रजी डिक्शनरीत मिळणार नाही आणि इथेच मुलं अडकतात. आमच्या अमरावतीच्या मावशी आल्या की म्हणतात, "अगं, लाइन गेली का इकडची?" विदर्भात वीज गेली की लाइन जाते, आमच्याकडे लाइट जाते. खांबावर चढतो त्याला मात्र दोन्हीकडे लाइनमनच म्हणतात. इंग्रजीत यातलं काहीही जात नाही, द पॉवर इज आउट किंवा ब्रिटिश असेल तर पॉवर कट. लाइनिंगची गंमत सांगते म्हटलं होतं, तर आपण लाइनिंगचा शर्ट म्हणतो तो म्हणजे उभ्या रेघांचा, पट्ट्यांचा शर्ट. इंग्रज माणसाला लाइनिंग म्हणजे अस्तर. दुकानात जाऊन शर्ट विथ लाइनिंग मागितला तर तो अस्तरवाला काढेल, रेघांचा हवा तर स्ट्राइप्स म्हणायला लागतं. आणि आपल्याच घरात ब्लाउज शिवायला टाकताना शिंपीण विचारते लाइनिंग टाकू का, तेव्हा तिथे अर्थ अस्तरच असतो, म्हणजे आपण दोन्ही अर्थ सांभाळतोय आणि गोंधळतही नाही. तसंच लाइनरचं, आयलायनरमधे रेघ काढायची आणि डस्टबिन लायनर म्हणजे बादलीला आतून लावायची पिशवी, एकीकडे रेघ एकीकडे अस्तर, दोघांचं मूळ तेच जवस.

पोलीस लाइन आणि सिव्हिल लाइन्स हे इंग्रजांच्या फौजेचं देणं. छावणीत तंबू किंवा बराकी ओळीने असायच्या म्हणून त्या लाइन्स, पुढे पोलिसांची वसाहत ती पोलीस लाइन. आणि त्यातून हिंदी पेपरात रोज येणारा लाइन हाजिर, म्हणजे ठाण्यावरून काढून पोलीस लाइनमधे परत बोलावलं. हा प्रयोग लंडनच्या माणसाला अजिबात कळणार नाही. लाइन क्लिअर हा तर रेल्वेचा, पुढच्या स्टेशनने वाट मोकळी आहे असं कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, तो आपण घरात आणला, बाबांचं लाइन क्लिअर मिळालं की ट्रिपचं बुकिंग करू. इतका छान बसलाय तो.

उलट इंग्रजीतले काही प्रयोग आपल्या कानाला फसवतात. आउट ऑफ लाइन म्हणजे रांगेबाहेर असं मुलं लिहितात, पण बोलण्यात त्याचा अर्थ वागणं चुकलं, मर्यादा सोडली. ऑन द लाइन म्हणजे फोनवर आहे, पण हिज जॉब इज ऑन द लाइन म्हणजे नोकरी पणाला लागलीये. डाउन द लाइन म्हणजे पुढे कधीतरी, पुढच्या काळात. टो द लाइन म्हणजे ठरवून दिलेल्या चौकटीत वागणं, तिथे पायाच्या अंगठ्याचा टो आहे, रेघेला पाय लावून उभं राहणं, गाडी ओढून नेण्याचा टो लिहिला की चूक, आणि इंग्रजांची मुलंही ती चूक करतात. रांगेत उभं राहायला अमेरिकेत इन लाइन म्हणतात, न्यूयॉर्ककडचे ऑन लाइन म्हणतात, आणि ब्रिटनमधे क्यू. क्यू हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ शेपूट. व्हॉट लाइन आर यू इन हे मात्र अगदी आपल्यासारखंच, तू कुठल्या लाइनमधे, म्हणजे कामधंदा काय.

क्रिकेटवाल्या मुलांना मी लाइन अँड लेंथवरून शिकवते. लेंथ म्हणजे चेंडू टप्पा किती लांब घेतो, आणि लाइन म्हणजे तो कुठल्या दिशेच्या दोरीवरून येतो, ऑफ स्टंपच्या की लेगच्या. झहीर खान बडोद्याकडून खेळायचा, त्याचं नाव काढलं की पुढचं शिकवावं लागत नाही.

एवढं सगळं प्रेम आहे या शब्दावर, तरी एक गोष्ट मला खरंच खुपते. इंग्रजीला जिथे एक लाइन पुरते तिथे आपल्याकडे चार शब्द आहेत, आणि चारांची कामं अगदी वेगळी आहेत. माणसांची रांग. लिहिलेली किंवा लावलेली ओळ. पेन्सिलीने ओढलेली रेघ. आणि भूमितीची, हाताची, सीमेची ती रेषा. डोंगरांची रांग असते, डोंगरांची रेघ नसते. कवितेची ओळ असते, कवितेची रांग नसते. तळहातावर रेषा, पाटीवर रेघ, आणि लहान मुलाने भिंतीवर काढल्या की रेघोट्या. पूर्वी दुकानात दुरेघी वही, चाररेघी वही मागायचो, आता लाइनवाली नोट. दारिद्र्यरेषा, नियंत्रण रेषा, मॅकमोहन रेषा असं मराठी पेपर आजही लिहितात आणि छान लिहितात. पण माझ्याकडे येणारी मुलं कवितेची पहिली लाइन म्हणतात, चित्राला लाइन मार म्हणतात, मुंग्यांची लाइन म्हणतात. मुंग्यांची रांग! तो शब्द उच्चारला की मुंग्या चालायला लागतात, लाइन म्हटलं की त्या जागच्या जागी राहतात. इंग्रजी शब्द वापरू नका असं मी कधीच म्हणणार नाही, गॅसच्या लाइनला गॅसवाहिनी म्हणायला जाऊ नका, फोनची लाइन लाइनच राहू द्या, नवीन वस्तू आली तर तिचं नाव येणारच. पण जिथे आपल्याकडे आधीच चार बारीक कापलेले शब्द आहेत तिथे एकच जाड शब्द फिरवायचा, यात आपलं नुकसान आहे, इंग्रजीचं काही नाही.

हे बडोद्यात बसून लिहिताना जास्त जाणवतं, कारण या शहराने शब्दांवर फार काम केलंय. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना देशी प्रतिशब्द देणारा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु नावाचा कोश करवून घेतला, १९३१ मधे निघाला तो, एका शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू असे वेगवेगळ्या भाषांतले पर्याय मांडलेले. एका भाषेला जो शब्द सुचला नाही तो शेजारणीकडे मिळेल, असा तो विचार. ज्या गावात पाणीवाला, भाजीवाला, शाळा, कचेरी सगळीकडे दोन-तीन भाषा एका वाक्यात चालतात तिथेच असलं काम होऊ शकतं.

म्हणून या वर्षीपासून मी शिकवणीत एक पद्धत चालू केलीये, कुणी इंग्रजीचं शिकवत असेल तर करून बघा. इंग्रजी वाक्यात लाइन आली की मुलांनी तिचं मराठी सांगायचं, आणि तिथे लाइन म्हणायचं नाही. द लाइन्स ऑन हर फेस, लगेच उत्तर येतं सुरकुत्या. अ लाइन ऑफ ट्रीज, झाडांची रांग की झाडांची ओळ यावर परवा जोरदार भांडण झालं, एक म्हणे लावलेली असतील तर ओळ आणि आपोआप उगवली असतील तर रांग, दुसरी म्हणे तसं काही नसतं. द फिश स्नॅप्ड द लाइन, गळाची दोरी. शी कम्स फ्रॉम अ लाइन ऑफ डॉक्टर्स, इथे सगळे गप्प झाले आणि मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, तिच्या घराण्यात डॉक्टरकी आहे." त्या वाक्यात ओळ नाही, रांग नाही, रेघ नाही, आणि तरी लाइन पूर्ण आलीये. पुढच्या आठवड्यात रन घेणार आहे, तो याहूनही मोठा आहे.